मासीला दिलेली दुपारची गोळी

माझ्या पोटावर चार छेद आहेत. एक बेंबीत, एक छातीच्या हाडाखाली आणि दोन उजव्या कुशीला. त्यातला एक टाका जरा तिरपा गेलाय. मी अहेरीत अठरा वर्षं ब्लाउज शिवते, त्यामुळे तिरपा टाका माझ्या नजरेतून सुटत नाही. टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांना मी तसं सांगितलंही. ते हसून म्हणाले, "बाई, तुमचं कापड श्वास घेत नाही. माझं घेतं."

दुकानात माप द्यायला येणाऱ्या बाया ऑपरेशनबद्दल विचारतात. कोणाच्या सासूच्या पित्ताशयात खडे निघालेले असतात, कोणाची बहीण घाबरून बसलेली असते. मी पदर बाजूला करून छेद दाखवते. "एवढुसे?" म्हणून त्या निश्चिंत होतात. त्या निश्चिंत झाल्या की मी त्यांना मासीची गोष्ट सांगते. ती सांगायला मला आवडत नाही, म्हणूनच सांगते. सगळ्यांना सांगून होत नाही, म्हणून आता लिहून काढतेय.

बटणांचा डबा

आधी डब्याचं सांगायला हवं. माझ्या मशीनच्या बाजूला बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात बटणं, हुक, टिचबटणं. फार वर्षांपूर्वी एक बाई अंगदुखीच्या उरलेल्या गोळ्या विसरून गेली. मी त्या डब्यात टाकल्या. आठवड्याभरात दुसरीची कंबर धरली, तिला दिल्या. मग गल्लीत ज्याच्या घरी गोळ्या उरतील तो आणून माझ्या डब्यात टाकू लागला. डोकं, दाढ, गुडघा, पाळी, कशावरही माझ्या डब्यात काहीतरी सापडायचं. "छायाताई, एक गोळी दे ना वं," म्हटलं की मी कात्रीनं पट्टीतून एक गोळी कापून द्यायची. कापताना नाव कोणत्या बाजूला राहिलं, तारीख कोणत्या बाजूला गेली, याचा मी कधी विचार केला नाही. पांढरी मोठी तापाची, पिवळी कंबरेची, एवढं मला पाठ होतं.

मला त्या डब्याचा अभिमान होता. आमच्या घरात माझ्या आजीनं पाण्याचं वेगळं भांडं पाहिलेलं. लोक तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, हे ती आम्हाला सांगायची. त्यामुळे आपल्याकडे जे आहे ते कोणाला नाही म्हणायचं नाही, आणि कोणाला कमी मिळत असेल तर गप्प बसायचं नाही, हे माझ्या अंगात लहानपणापासून भिनलंय. ते चांगलंच आहे. पण त्याच्यामुळे माझ्या हातून काय झालं ते पुढे येईल.

पाल्याचं वर्ष

पहिल्यांदा दुखलं ते दिराकडे मटण खाऊन आले त्या दिवशी. उजव्या बरगडीखाली कोणी मूठ घालून पिळावं तसं, आणि तिथून थेट पाठीत. मी डब्यातली गॅसची गोळी घेतली. तासाभरानं थांबलं. महिन्यानं पुन्हा तेच. शेजारणीनं निदान केलं, "पथरी आहे तुले. पानफुटीचा पाला खा." मी वर्षभर रोज सकाळी पानफुटीची दोन पानं चावली. घराच्या मागे कुंडीतलं झाड बिचारं बोडकं झालं.

शेवटी सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही पाला कशासाठी खाताय?"

"पथरीसाठी."

"पथरी किडनीत नाही, पित्ताच्या पिशवीत आहे. तिथले खडे असे लघवीतून पडत नाहीत. पिशवीच काढावी लागेल. दुर्बिणीतून होतं, घाबरू नका."

घाबरू नका म्हटलं की माणूस घाबरतो. घरी येऊन मी प्रांजलीच्या पप्पांना सांगितलं. प्रांजली आमची मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे पप्पा लाकडाच्या डेपोत मोजणीच्या कामाला. शांत माणूस. पण त्या दिवशी ताटावरून उठले.

"कापाचं नावच घेऊ नोको. लोकायची पथरी पाल्यानं जाते, तुहीच काऊन नाई जात?"

"ते किडनीची जाते. हे दुसरी आहे."

"पथरी ते पथरी."

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही हट्टी, मीही बोलले नाही. प्रांजली दोघांमध्ये निरोप पोचवून वैतागली. पाचव्या दिवशी ते मशीनजवळ स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "माहा दादा गेला होता ना ऑपरेशनले. हसत गेला होता. तू हसत नोको जाऊ."

तेव्हा मला कळलं की हा राग नव्हता. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "नाई हसत. रडत जाते. मग तं झालं?" त्यावर तेच हसले.

चंद्रपूर

अहेरीहून चंद्रपूरपर्यंत रस्त्यानं प्रत्येक खड्ड्याला माझ्या पोटानं हजेरी लावली. मोठ्या दवाखान्यात नाव लागलं, तपासण्या झाल्या, आणि मंगळवारी सकाळी मला आत नेलं. भीतीबद्दल खरं सांगते. मला मरायची भीती नव्हती, बेशुद्ध व्हायची होती. आपण नसताना आपल्या अंगाशी कोण काय करेल, याची. एक सिस्टर माझ्या केसांवर टोपी चढवत होती. मी तिला विचारलं, "झोपल्यावर मी काई बोलन तं?" ती म्हणाली, "सगळ्या बोलतात. आम्ही कोणाला सांगत नाही." एवढ्यानं मला धीर आला.

डोळे उघडले तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदा दुखत होता. मला वाटलं हृदयाचं काहीतरी झालं. मी प्रांजलीला म्हटलं, "पप्पांना बोलाव." ती रडायलाच लागली. सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "ताई, पोटात गॅस भरून ऑपरेशन करतात. तो थोडा राहतो आणि खांद्यात दुखतं. उद्या चालायला लागलात की जाईल." हे मला कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं. म्हणून मी इथे सांगते: दुर्बिणीचं ऑपरेशन झाल्यावर खांदा दुखला तर सिस्टरला सांगा, पण आमच्यासारखी रडारड करू नका.

या वॉर्डच्या सिस्टर वयानं माझ्याएवढ्या, कडक, आणि चष्मा कपाळावर ठेवून शोधणाऱ्या. त्या दर थोड्या वेळानं येऊन विचारायच्या, "दहापैकी किती दुखतंय? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही." मी पहिल्या दिवशी आठ सांगितलं. कंबरेत सुई मिळाली. अर्ध्या तासात आठाचं चार झालं. काय सुंदर सुई होती ती, मी अजून विसरलेली नाही.

शेजारची खाट

माझ्या शेजारच्या खाटेवर मासी होती. मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली गावातली, साठीच्या आसपासची, बारीक, कपाळावर मोठं कुंकू, हातात शंखाच्या बांगड्या. ऑपरेशनच्या वेळी बांगड्यांवर पट्टी गुंडाळली होती, ती मासी सारखी सोडून बघायची की बांगडी तडकली तर नाही. तिचंही माझ्याच दिवशी, त्याच डॉक्टरांनी, तेच ऑपरेशन केलेलं. सोबत सून होती, रीना. रीना कमी बोलायची. सासूला "मा" म्हणायची आणि तिचे केस रोज दोनदा विंचरायची.

मासी अर्धं हिंदी, अर्धं मराठी आणि मधे बंगाली बोलायची. मला पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "तुमको कितना पत्थर निकला?"

"अकरा."

"मेरा तीन. लेकिन बडा." आणि विजयी चेहरा केला.

दवाखान्यानं खडे बाटलीत घालून दिले होते. आम्ही आपापल्या बाटल्या उजेडाला धरून ताडून पाहिल्या. माझे लहान टिचबटणांसारखे, तिचे कोटाच्या बटणांएवढे. ती जिंकली. हसताना दोघींचे टाके ओढले गेले आणि दोघी एकदम "आई गं", "मा गो" म्हणून पोट धरून बसलो. त्यानंतर आमची मैत्री झाली.

पण एक गोष्ट मला खटकत होती. सिस्टरनं किती दुखतंय विचारलं की मासी प्रत्येक वेळी सांगायची, "दोन." चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, ओठ आवळलेले, आणि म्हणायची दोन. मी विचारलं, "मासी, काऊन खोटं सांगते?" ती म्हणाली, "जास्ती बोलूंगी तो घर नहीं छोडेंगे. घरपे बुढा अकेला है, भात भी नहीं बना सकता." तिचा नवरा. त्याला भात करता येत नाही म्हणून ही पोट फाटत असताना दोन सांगत होती.

आणि दुसरी गोष्ट. मला सुई मिळाली, तिला नाही. मला बुधवारी जेवणानंतर गोळ्या सुरू झाल्या, तिला नुसती छोट्या बाटलीतली सलाईन. पहिल्या रात्री तिला आणखी एक औषध दिलं होतं, त्यानं तिला गरगरलं आणि ती दोनदा ओकली. ओकताना टाक्यांवर काय होतं ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. मी रीनाला विचारलं, "तुह्या सासूले सुई काऊन देत नाई?" ती म्हणाली, "मा को सुई नहीं चलती." मासीनं सांगितलं, गावाकडे एकदा गुडघ्यासाठी कोणीतरी कंबरेत सुई टोचली होती आणि तिचा दम कोंडला होता. तिला दमा होता, उशाखाली पंप असायचा. दवाखान्यात भरती होताना तिनं सांगितलं, "मेरे को सुई नहीं," आणि डॉक्टरांनी तिच्या कागदावर लाल शाईनं काहीतरी लिहिलं.

मासीनं आणि मी एवढाच अर्थ घेतला, की तिला सुई चालत नाही. सुई म्हणजे सुई. गोळी वेगळी.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चालू होतं. मला वाटलं, ही बिचारी गरीब, भाषा नीट येत नाही, तक्रार करत नाही, दोन दोन म्हणते, म्हणून हिला हलकं औषध देतात. चांगलं औषध माझ्यासारख्या बोलणारीला. वेगळं भांडं. माझ्या आजीची ओंजळ मला दिसायला लागली आणि मी आतल्या आत तापत गेले.

बुधवारची दुपार

जेवणं झाली. सिस्टरनं माझ्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या, एक पांढरी मोठी आणि एक पिवळी लहान. पिवळी मी ओळखली. माझ्या डब्यातली कंबरेची. प्रांजली खाली पप्पांना जेवणाचा डबा द्यायला गेली होती, रीना चहा आणायला. मासी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिची पाठ थरथरत होती.

मी पांढरी गिळली. पिवळी मुठीत ठेवली.

"मासी."

तिनं मान वळवली.

"हे घे. माही गोळी आहे, याच्यानं मले लवकर आराम पडते."

"मेरे को मना है ना."

"सुई मना आहे. हे तं गोळी आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम क्या खाओगी?"

"मले आता चारच आहे. मी सोसते."

तिनं गोळी घेतली. माझ्या तांब्यातलं पाणी प्यायली आणि माझ्या गालाला हात लावला. खरं सांगते, त्या वेळी मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. मी डोळे मिटून पडले.

अर्धा-पाऊण तास झाला असेल. आधी ती खोकली. मग उठून बसली. उशाखालचा पंप काढून दोनदा ओढला. मग तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि ती दोन्ही हात खाटेवर टेकून पुढे वाकली. रीना चहा घेऊन आत येत होती, चहा सांडला, ती "मा, मा" म्हणून ओरडली. सिस्टर धावत आल्या. मागून डॉक्टर.

"काय खाल्लं यांनी?" सिस्टरनं रीनाला विचारलं.

"कुछ नहीं. चाय-बिस्कुट सुबह."

"बाहेरचं काही दिलं? खरं सांग."

"नहीं दिया."

"नहीं दिया म्हणजे असंच झालं का? तुम्हाला शंभरदा सांगितलं, विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही. सासूच्या जिवावर उठलीस का?"

रीना रडायला लागली. नुसती मान हलवत राहिली. आणि मी दोन हात अंतरावर बसून ते ऐकत होते.

किती वेळ गप्प बसले ते मला नीट सांगता येत नाही. फार नसेल. ऑक्सिजनचा मास्क लावायला जेवढा वेळ लागतो तेवढा. पण त्या वेळात माझ्या मनात जे आलं ते लिहिते, कारण ते लिहिलं नाही तर हे लिहिण्याला अर्थ नाही. माझ्या मनात आलं, की कोणी पाहिलं नाही. माझ्या मनात आलं, की दमेकरी आहे, असंही झालं असेल. आणि सगळ्यात लाज वाटते ती याची, की रीनाला रागावताहेत तोवर माझ्याकडे कोणी बघत नाही, याचा मला आधार वाटला.

मग डॉक्टर म्हणाले, "काही घेतलं असेल तर मला आत्ता कळायला पाहिजे. आत्ता."

मी उठले. ऑपरेशननंतर मी तोवर कोणाचा हात धरल्याशिवाय उठले नव्हते. त्या वेळी कशी उठले ते माहीत नाही. मी म्हटलं, "मी दिली. माही दुपारची गोळी. पिवळी. त्या पोरीले रागावू नोका, तिनं काई नाई केलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सिस्टरला पटापट दोन-तीन औषधांची नावं सांगितली. वाफेचं मशीन आलं, सुया आल्या, ऑक्सिजन आला. मग खाटेसकट मासीला दुसऱ्या खोलीत नेलं. रीना मागे धावली. जाताना तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर मला सोसलं असतं. तिनं नुसतं पाहिलं.

सिस्टरनं सांगितलेलं

प्रांजली परत आली तेव्हा मी खाटेच्या कडेला बसले होते. छेद आगीसारखे पेटले होते. दुपारची गोळी पोटात नव्हती ना. सिस्टर आल्या. मला वाटलं आता बोलणार. त्यांनी आधी मला पाणी दिलं.

"दम खाली आलाय तिचा," त्या म्हणाल्या. "वेळेवर बोललात."

"वेळेवर नाई बोल्ली मी, सिस्टर."

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि खाटेवर माझ्याजवळ बसल्या. वॉर्डात सिस्टर पेशंटच्या खाटेवर बसत नाहीत.

"तुमची सुई आणि तुमची गोळी एकाच जातीचं औषध आहे. डायक्लोफिनॅक. सुईत भरलं काय नि गोळीत दाबलं काय, पोटात गेल्यावर तेच. काही दमेकऱ्यांना ते औषधच चालत नाही, श्वासनळी आवळते. तिच्या कागदावर आम्ही तेच लिहिलंय, सुई नाही असं नाही लिहिलं."

"मले वाटलं तिले हलकं औषध देऊन राह्यले तुम्ही."

सिस्टरना माझं म्हणणं कुठून आलं ते समजलं असावं, कारण त्यांचा आवाज मऊ झाला. "हलकं नाही हो. त्या छोट्या बाटलीत पॅरासिटामॉल असतं. ते दुखायच्या आधी, घड्याळ लावून घेतलं तर चांगलं काम करतं. दुखायची वाट बघत बसलं की कमी पडतं. त्याच्यावर कमी पडलं म्हणून ट्रामाडॉल दिलं, ते भारी औषध आहे, पण तिला ओकारी झाली. ओकारी थांबवायचं औषध देऊन परत देता आलं असतं, दुसरंही काही करता आलं असतं. पण ती आम्हाला दोन सांगते. दोनवाल्याला कोण भारी औषध देईल?"

म्हणजे चुका दोन झाल्या होत्या. मासीनं दुखणं लपवलं, आणि मी ते हेरून, सिस्टरला सांगायचं सोडून, माझ्या डब्याच्या पद्धतीनं सोडवायला गेले. मी जर नुसतं म्हटलं असतं, "सिस्टर, शेजारची खोटं सांगून राह्यली, तिले आठ आहे," तर तेवढंच पुरलं असतं. एक वाक्य. बोलणारी म्हणून मिरवते मी, आणि नेमकं तेच बोलले नाही.

गोळ्यांमध्ये मला काय फरक वाटला असं बाया विचारतात, म्हणून माझ्यापुरतं सांगते. सुई पहिल्या दिवशी सगळ्यात चांगली. गोळी जेवणावर घेतली तर ठीक, एकदा उपाशीपोटी घेतली तर पोट जळलं. नुसती पॅरासिटामॉल मला तिसऱ्या दिवसापासून पुरली. खांद्याला गोळीपेक्षा चालण्यानं बरं वाटलं. पण हे माझ्या पोटाचं माप आहे. एकीच्या मापाचा ब्लाउज दुसरीला घालून मी कधी पाठवत नाही, गोळी मात्र इतकी वर्षं तशीच वाटत आले.

गुरुवार

गुरुवारी सकाळी मासीला परत आमच्या वॉर्डात आणलं. मास्क निघाला होता. मी तिच्या खाटेजवळ जाऊन उभी राहिले. डोळ्यांतून पाणी आपोआप यायला लागलं.

"मासी, माही चूक झाली."

ती खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "थोडी देर के लिए दर्द गया था रे. सच्ची." आणि हसली. मग तिनं माझा हात ओढून आपल्या बांगडीवर ठेवला, आणि आम्ही तशाच बसलो.

सिस्टर फेरीला आल्या. "शेफालीबाई, दहापैकी किती?"

मासीनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. मग म्हणाली, "सात."

सिस्टरनं लिहून घेतलं. अर्ध्या तासानं ओकारीचं औषध आलं, मागून दुसरं, आणि मासी दुपारभर तोंड उघडं टाकून झोपली. घोरत होती. तिचं घोरणं मी कान देऊन ऐकत होते, प्रत्येक श्वास नीट येतोय का बघत.

रीना मात्र माझ्याशी बोलली नाही. मी तिची माफी मागितली, तिनं मान डोलावली आणि सासूचे केस विंचरत राहिली. शुक्रवारी मला सुट्टी मिळाली. प्रांजलीच्या पप्पांनी घरून उशी आणली होती. ती पोटाला धरून मी बसमध्ये बसले. ते रस्ताभर खिडकीतून पुढचे खड्डे बघून सांगत होते, "धर, आली." मी धरायची. आष्टीच्या पुलावर म्हणाले, "हसत नाई गेली ना, म्हणून परत आली." मी त्यांना वॉर्डातलं सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घरी गेल्यावर तो डबा पहिले."

आतला खिसा

डब्यातल्या सगळ्या गोळ्या मी काढल्या. निम्म्यांची नावं मी स्वतःच कापून टाकली होती. आता त्यात नुसती बटणं आहेत. बाया अजून येतात, "एक गोळी दे ना वं" म्हणतात, आणि मी नाही म्हणते. पहिले काही महिने दोघी-तिघी रुसल्या. एक म्हणाली, "चंद्रपूरले जाऊन आली तं मोठी झाली." मी ऐकून घेतलं.

उन्हाळ्यात एका बाजाराच्या दिवशी दुकानाच्या दारात दोघी उभ्या राहिल्या. मासी आणि रीना. पत्ता मी मासीला सुट्टीच्या दिवशी दिला होता, पण ती येईल असं वाटलं नव्हतं. मासी थोडी भरली होती. मी खुर्ची पुसली, पाणी दिलं. ती बसताना गुडघा धरून बसली.

"मासी, गुडघा किती?"

"छह." मग बोट वर करून, "सच्ची का छह."

पूर्वी माझा हात आपोआप डब्याकडे गेला असता. मी रीनाला म्हटलं, "डॉक्टरले दाखव हो, दमा आहे ते सांगून." रीना म्हणाली, "दिखाया. मंगल को फिर बुलाया है."

मग तिनं पिशवीतून ब्लाउजचं कापड काढलं. आणि कापडाबरोबर एक कार्ड. दवाखान्यानं लिहून दिलेलं, मासीला कोणकोणती औषधं चालत नाहीत त्यांच्या नावांचं. सुई असो, गोळी असो, मलम असो, असं वर ठळक लिहिलेलं. रीनानं त्याला झेरॉक्सच्या दुकानातून प्लॅस्टिक चढवून घेतलं होतं.

"ब्लाउज में अंदर से पॉकेट चाहिए," ती म्हणाली. "इस कार्ड के नाप का. मा कागज भूलती है, ब्लाउज नहीं भूलती."

अहेरीत दुसरे शिंपी आहेत. मुलचेऱ्यातही आहेत. ती माझ्याकडे आली होती.

मी कार्ड कापडावर ठेवून खडूनं त्याच्याभोवती रेघ मारली. डाव्या बाजूला, आतून, हाताला लागेल असा खिसा बेतला. दोघींना बसवूनच ब्लाउज शिवला, बाकीची कामं तशीच पडू दिली. मासी गल्लीतल्या बायांना बाटलीतल्या खड्यांची गोष्ट सांगत होती, तिचे मोठे होते हे पुन्हा पुन्हा सांगत. खिशाला मी दुहेरी शिलाई मारली, कोपऱ्यांवर आणखी एकदा फिरवली.

रीनानं ब्लाउज हातात घेतला. कार्ड खिशात घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. मग खिशात दोन बोटं घालून जोरात ओढून पाहिलं.

"पक्का है," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत, "और एक ऐसाही बना दो, दीदी. एक धोने में जाएगा तो दूसरा पहनेगी."